तिसरा खिळा

आकडेवाल्यांच्या पोटात दुखत होतं ते साडूच्या घरावरून. दोन मजले, वर गच्ची, गच्चीत झोपाळा. आणि सगळं डॉलरमधल्या कर्जावर, कारण त्याचं व्याज निम्मं. स्वतः आकडेवाले वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत. बायको बहिणीकडे जाऊन आली की आठवडाभर तिच्या तोंडी तो झोपाळाच.

परकं चलन बदलून देणाऱ्या दुकानाबाहेरच्या फळीवर डॉलरच्या दराचे आकडे टांगायचे, हे त्यांचं काम. सरकारनं दर चाळिसावर धरून ठेवला होता. अकरा वर्षं चार आणि शून्य जागचे हलले नव्हते. आकडेवाले रोज नुसती धूळ पुसायचे. पगारही तसाच, जागच्या जागी.

एका सोमवारी मालक म्हणाले, "डावीकडे तिसरा खिळा ठोका. सरकारची डॉलरची गंगाजळी आटत आलीय, दर शंभरी गाठणार." आकडेवाल्यांनी आपल्या हातानं खिळा ठोकला.

त्याच संध्याकाळी साडू आला. "दादा, बँकवाले म्हणतात, कर्ज आपल्या चलनात बदलून घ्या. व्याज वाढेल. तुम्ही रोज दर लावता, तुम्हीच सांगा."

खिळ्याचं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, "यांना काय विचारता, भाऊजी? यांना स्वतःचं छप्पर जमलं नाही."

आकडेवाल्यांनी चहा संपवला. "अकरा वर्षांत हलला नाही," ते म्हणाले.

तीन आठवड्यांत सरकारनं हात वर केले. आकडेवाल्यांनी एक, शून्य, चार टांगले. एक नव्या खिळ्यावर. साडूचा पगार होता तेवढाच, हप्ता अडीचपटीच्या वर गेला. दोन दिवस आकडेवाल्यांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग घर बँकेनं घेतलं आणि साडूचं बिऱ्हाड त्यांच्याच दोन खोल्यांत आलं. झोपाळा भिंतीला टेकवून ठेवला.

बायकोनं पहिलं ताट साडूपुढे ठेवलं तेव्हा आकडेवाल्यांचा पुन्हा जळफळाट झाला.

साडू म्हणाला, "चूक माझीच. दादांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. दुसरा कोणी असता तर आज दार लावून घेतलं असतं."

बायकोनं नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. याच नजरेसाठी ते वीस वर्षं जळत होते. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.