रफिकच्या वाट्याची लॉटरी

रफिक गेलाय, हे त्या गेमला अजून माहीतच नाही.

परवा त्याला लॉटरी लागली.

म्हणजे आमच्या टीमला लागली. मी, आष्टीचा बाळू आणि बीडमध्ये टू-व्हीलरचं गॅरेज चालवणारा आमचा रफिक. मोबाईलवर गाव वसवायचा गेम आहे. त्यात दर आठवड्याला सोडत. पैसे खरे नाहीत, नुसती नाणी. त्यातून विहीर खोदा, झाडं लावा, पूल बांधा.

बक्षिसाची वाटणी गेमच करतो. ज्याची लेव्हल मोठी, त्याचा वाटा मोठा. असं का, ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि तिघांनीही "मंजूर" दाबलं तरच नाणी मिळतात. एक जण राहिला तर सगळं बक्षीस परत जातं.

सगळ्यात मोठी लेव्हल रफिकची.

आज रफिकचा चाळीसावा, जाऊन चाळीस दिवस झाले.

काल सकाळी बाळूचा फोन आला. "गौतम, तू लीडर हायस. त्याला टीममधून काढ, म्हंजे दोघांत वाटणी होईल. न्हाईतर उद्या सगळं जातंय."

"अबे, त्याला काढू कसा?"

"नावावर बोट ठेव अन् रिमूव्ह दाब."

बाळूचं काही चुकत नव्हतं. तरी मला त्याचा भयंकर राग आला.

नावावर बोट ठेवलं. स्क्रीनवर आलं, "नक्की काढायचं?"

मी फोन खिशात टाकला.

कारण रफिक स्वतःचा वाटा कधी एकट्यानं खायचाच नाही. त्याचे तीन हिस्से करायचा. एक गेममधल्या आपल्या गावाला, एक आम्हा दोघांना, आणि एक कुठल्यातरी अनोळखी नव्या खेळाडूला, ज्याच्या गावात अजून काहीच नाही.

मी चिडवायचो, "काय बे, हे काय बकरी ईदचं मटण हाय का, तीन हिस्से करायला?"

तो हसायचा. "वाटायची आदत एकच ऱ्हाती बे. मटण असू दे न्हाईतर नाणं."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.

भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावर काही महिने परक्या पुरुषासमोर येत नाहीत. रफिकची अम्मी दाराशी बसलेली. आणि मी दारातल्या पडद्याला ऑनलाइन गेम समजावून सांगतोय. इतका बावळट मी उभ्या जन्मात दिसलो नसेन.

"लॉटरी" म्हटल्याबरोबर आतून भाभींचा आवाज आला, "या अल्लाह! ते जुवा खेळत होते?"

"न्हाई न्हाई भाभी! पैशे न्हाईत त्याच्यात. खोटी नाणी हायत."

"खोटी हायत तर मग वाटायची कावून?"

 

मग मी तीन हिश्शांचं सांगितलं.  अम्मीनं डोळ्याला पदर लावला.

"फोन माझ्याजवळच हाय त्यांचा," भाभी म्हणाल्या. "काय दाबायचं, सांगा."

मी बाहेरून सांगत गेलो, त्या आतून दाबत गेल्या. मंजूर. आम्ही दोघांनी आधीच दाबलेलं, वाटा जमा झाला. एक हिस्सा त्याच्या गावाला, एक आम्हा दोघांना. तिसऱ्याला त्या थांबल्या.

"हा कोणाला?"

"मला न्हाई माहीत भाभी. ते त्यो ठरवायचा."

"मग मी ठरवू?"

"ठरवा."

त्यांनी कुणालातरी दिला. कुणाला, ते मी विचारलं नाही.

हे बरोबर झालं की चूक, मला खरंच कळत नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं मंजुरी दाबली, ही फसवणूक झाली का? खोट्या नाण्यांचं पुण्य, सवाब म्हणतात ते, लागतं का? मी बौद्ध माणूस, मला हे कोण सांगणार? 

मी चपला घालत होतो, तेवढ्यात आत टिंग वाजलं.

भाभींनी मेसेज वाचून दाखवला. ज्याला तिसरा हिस्सा गेला, त्यानं लिहिलं होतं, "थँक यू रफिकभाई. तुमच्यामुळे गावात विहीर झाली."



"काय लिहू?" भाभींनी विचारलं.

 अम्मीच पडद्याकडे न बघता म्हणाली, "लिख बेटा, दुआ में याद रखना."

रफिक, तुला टीममधून काढलेलं नाही. पुढच्या सोडतीला काय करायचं, कुणास ठाऊक.

तुझा वाटा पोचला, दोस्ता.

सलाम. आणि आपला जयभीम.