दुधातली कॉफी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिला तर मी माझ्या पोटदुखीपासून साहेबाच्या बोलण्यापर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच.

आधी कॉफीचं सांगतो. तिथून सुरुवात केली की जरा सोपं जातं.

ठाण्यात स्टेशनच्या रस्त्यावर पास्कूचं दुकान होतं. पास्कू किरिस्तांव, मूळचा वसईकडचा. बरीच वर्षं एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होता. साहेब विलायतेला परत गेला आणि याच्याजवळ कॉफी करायची विद्या तेवढी उरली. दुकान म्हणजे कुडाच्या भिंती, दोन बाकं आणि एक लांब मेज. आमच्या घरी सगळा अभ्यास मांडी घालून, पुस्तक मांडीवर घेऊन. मेजावर वही पसरली की परीक्षेआधीच मॅट्रिक झाल्यासारखं वाटायचं. शाळा सुटल्यावर तिथं गिऱ्हाईक नसे. आधी मी आणि दामू जाऊ लागलो, मग आणखी चार-पाच मुलं आली. भूमिती व्हायची, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, सरकारला अक्कल शिकवली जायची. सतरा वर्षांच्या पोरांना दुसरं काय हवं असतं?

दामू आंबिवलीचा, बापाविना वाढलेला. ठाण्यात तो वार लावून जेवायचा — आठवड्याचे सात दिवस, सात ब्राह्मणांची घरं. गुरुवार आमच्याकडे. ज्याच्या पोटाला सात उंबरे लागतात त्याला सात घरांची मर्जी सांभाळावी लागते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वर्गात पहिला तो, दुसरा मी. हे इतक्यात सांगायचं नव्हतं खरं तर. आता ओघात आलंच आहे, तर राहू द्या.

ब्राह्मणाच्या मुलांनी किरिस्तांवाच्या हातचं प्यायचं कसं? तोड दामूनंच काढली. पाण्याचा थेंब न घालता निव्वळ दुधात शिजवलेल्या वस्तूचा दोष धरत नाहीत, हे आमच्या आयाबायांनाही ठाऊक. मग कॉफी निव्वळ दुधात उकळायची आणि घरून नेलेल्या पितळी फुलपात्रातून प्यायची; पास्कूच्या कपबशीला हात लावायचा नाही. एखादा शास्त्री हे ऐकून हसला असता की रागावला असता, सांगता येत नाही. पास्कूला मात्र मौज वाटायची. त्यानं आमच्यासाठी एक भांडं वेगळं ठेवलं. दूध आम्हाला दाखवून ओतायचा, पाण्याचा घडा चार हात लांब सरकवायचा. त्याच्या धर्मात यातलं काहीच नव्हतं, तरी आमचं सोवळं आमच्यापेक्षा तोच जास्त सांभाळायचा.

मग कुणीतरी आम्हा दोघांना तिथं पाहिलं.

परीक्षेला दीड महिना राहिला होता. गुरुवार होता. दामू जेवायला आला तेव्हा वडिलांनी त्याला ओसरीवर बसवलं. तिथं आणखी दोन गृहस्थ होते. त्यांच्या घरीही त्याचे वार होते. मी दाराआड उभा होतो. त्या दुकानात पितोस का, असं त्यांनी विचारलं. दामू हो म्हणाला. माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाला की हा नुसता शेजारी बसून वाचतो, पिणारा मी एकटाच. आणि कॉफी निव्वळ दुधातली असते, पाण्याचा थेंब नसतो; हवं तर यालाच विचारा.

लक्षात आलं ना? त्यानं मला आधीच सोडवलं होतं. मला फक्त मान डोलवायची होती. ते तिघेही काही दुष्ट नव्हते. नाक मुरडलं असतं, पुन्हा जाऊ नकोस म्हणून दम भरला असता आणि पानावर बसवलं असतं. पण मला बाहेर बोलावलं आणि माझ्या डोक्यात एकच आलं — कॉफी निर्दोष होती म्हटलं, तर वडील विचारणार, मग तू का नाही प्यालास? त्यांच्यापुढं माझं खोटं फार वेळ टिकायचं नाही.

मी म्हणालो, "पास्कू पाणी घालतो. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर मी पीत नाही."

दामूच्या एका वाक्यात माझं पितळ उघडं पडलं असतं. तो बोलला नाही. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

भीती होती, हे कबूल. पण नुसती भीतीच होती का? आता पहिला कोण येणार, हा विचार मला कधी सुचला? फार वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की नंतर. नंतर नाही. दाराआड उभा होतो तेव्हाच सुचला होता.

त्याला प्रायश्चित्त दिलं. पंचगव्य घेतलं, जानवं बदललं, शास्त्राचं काम तिथं संपलं. घरांचं संपलं नाही. एका घरी अचानक पाहुणे आले, एका घरी सूनबाई बाळंत व्हायची होती, आमच्याकडे आईला बरं नव्हतं. आई ठणठणीत होती. तीन आठवड्यांत सातातले दोन वार उरले. दोन दिवस जेवून पाच दिवस भूमिती कोण करील? दामू आंबिवलीला निघून गेला, परीक्षेला बसलाच नाही. त्या वर्षी शाळेत पहिला मी आलो.

पास्कूनं मला एकदा रस्त्यात गाठलं. रागावलेला नव्हता, बुचकळ्यात पडलेला होता. "बाला, मी पानी कवा घातलं रं?" एवढंच त्यानं विचारलं. मी उशीर होतोय असं काहीतरी पुटपुटलो आणि चालू लागलो. आमची मुलं तिथं पुन्हा गेली नाहीत, इतर गिऱ्हाइकांतही तो दुधात पाणी घालणारा ठरला. वर्षाच्या आत त्यानं दुकान मोडलं. त्याची मला लाज वाटते, दामूइतकीच.

पुढं मी कचेरीत लागलो. कामासाठी एकदा नाशकाला निघालो होतो. कल्याणला गाडी थांबली. फलाटावर उतारूंना पाणी द्यायला ब्राह्मण ठेवलेला असतो, म्हणजे कुणालाही ते चालतं. मी खिडकीतून ओंजळ बाहेर काढली, त्यानं तांब्या वाकवला. पाणी पिऊन वर पाहिलं तर दामू.

त्यानंही ओळखलं. मुलंबाळं किती, विचारलं. वडील गेल्याचं कळलं होतं, म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. गार्डाची शिट्टी झाली तसा तो खिडकीजवळ सरकला.

"एक विचारायचं होतं रे. त्या वर्षी संस्कृतच्या पेपरात उतारा कुठला आला होता?"

इतकी वर्षं झाली, आता कुठलं आठवायला, असं मी म्हणालो. तो बरं म्हणाला आणि पुढच्या खिडकीकडे गेला.

मला तो उतारा तोंडपाठ होता. दामूनंच तो मला पास्कूच्या मेजावर दोनदा समजावून दिला होता.