हलकी बंदूक

आमच्या घरात बंदूक आली ती म्हैस गेली त्याच आठवड्यात. म्हैस दुभती होती आणि बंदूक मला चालवता येत नव्हती. हा सौदा शहाणपणाचा आहे असं त्या वेळी आम्हा तिघांनाही वाटलं, इतकी आमची पाचावर धारण बसली होती.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. घरात आई, बाबा आणि मी, बस. आमची वाडी म्हणजे मिठबावच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकलेली आठ-दहा घरं. खाली भाताची खाचरं, वर रान. रानात डुकरं. वाडीत परवाना एकट्या बाबांकडे होता, त्यामुळे सगळ्या खाचरांची राखण त्यांच्या ठासणीच्या बंदुकीवर चालायची. ती बंदूक एका संध्याकाळी त्यांच्या तोंडाशीच फुटली. दारूचा भडका डोळ्यांत गेला आणि दोन्ही डोळे गेले. पहिल्या वर्षी डुकरांनी निम्मं भात खाल्लं, दुसऱ्या वर्षी पेंढासुद्धा धड हाती लागला नाही. वैभववाडीहून मामाचं पत्र आलं, इकडे या, दुकानाच्या मागची खोली रिकामीच आहे. पत्र मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "ह्या वर्साचा पीक हाताक येवंदे. नाय इला तर जाव." मेव्हण्याच्या घरी बसून खायचं, तेही आंधळ्याने! त्यापेक्षा मरण बरं, असं ते आईला एकदा म्हणालेले मी ऐकलं होतं.

तर बंदूक मी चालवायची असं ठरलं. परवान्यावर माझं नाव घालायला गेलो तर तालुक्याच्या कचेरीत कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण चालवणार बंदूक?" बाबांनी कचेरीसाठी राखून ठेवलेलं मराठी काढलं. "माझी मुलगी चालवील, साहेब." कारकून हसला, शेजारचाही हसला. दोन खेपा घातल्या तेव्हा कुठे कागद हातात पडला. मला त्या हसण्याचा इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात शंभर डुकरं मारली.

बंदूक घ्यायला बाबा आणि मी एस.टी.ने फोंड्याचा घाट चढून कोल्हापूरला गेलो. दुकानदार म्हातारा, बोलायला अघळपघळ. त्याने आमची ऐपत आमच्या कपड्यांवरूनच ओळखली आणि तीन नग पुढ्यात ठेवले. पहिली बावीसची रायफल. बारीक, सुबक, हातात घेतली आणि मला ती अशी काही आवडली की खाली ठेववेना. तो म्हणाला, "ही घेऊन डुकराला गुदगुल्या करणार काय? आणि तुमच्या परवान्यावर रायफल बसत न्हाई." दुसरी जुनी एकनळी, लांब आणि वजनदार. ती मी खांद्याला लावली तर नळी आपोआप जमिनीकडे झुकली. तिसरीही एकनळीच, पण आखूड नि हलकी, दस्ता कापून लहान केलेला. दोघींची किंमत जवळजवळ सारखीच.

बाबांनी दोन्ही बंदुका आळीपाळीने तळहातांवर तोलल्या, नळीवरून बोटं फिरवली. डोळे गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जाणत्या माणसाचा रुबाब आला होता. हलकीवर हात ठेवून ते म्हणाले, "ही."

"पाव्हणं, हलकी बंदूक लाथ लई मारती," दुकानदार म्हणाला. "नव्या माणसाला जडच बरी. चार दिवस हात दुखंल, मग सवय हुईल."

"तीस वर्षे बंदूक चालवली मी," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीला पेलेल ती मी ओळखतो."

बाबांची तीस वर्षं खरीच होती, पण ती सगळी एका ठासणीच्या बंदुकीवर गेली होती. ती होती ओंडक्यासारखी, आणि आतली दारू हातानं ठासलेली. ती खांद्याला ढकलायची, मारायची नाही. विकतचं काडतूस कसा हिसका देतं हे बाबांनी कधी अनुभवलंच नव्हतं. मला हे कळत नव्हतं हे खरं, पण दुकानदार खोटं बोलत नाही एवढं कळत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. ती जड बंदूक घेऊन बांधावरून चालायचं माझ्या जिवावर आलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी फणसाच्या झाडाला जुनं सूप टांगायला लावलं. काडतुसं मोजकीच होती, त्यातली दोन शिकण्यासाठी. "दस्तो खांद्याक घट्ट धर, श्वास रोक आणि चाप हळू वड." मी सगळं तसंच केलं. बार उडाला आणि मी शेणाने सारवलेल्या खळ्यात बसकण मारली. खांदा जागच्या जागी आहे की नाही हे मी हाताने चाचपून पाहिलं. पुढचे तीन दिवस मला विहिरीवरून कळशी आणता आली नाही, काळानिळा खांदा आई हळदीने शेकत बसायची. तिने माझ्या पोलक्याच्या आतून चिंध्यांची गादी शिवून दिली. दुसरा बार मी त्या गादीवरून काढला, पण शरीर आता शहाणं झालं होतं. चाप ओढायच्या आधीच माझे डोळे घट्ट मिटले आणि मान फिरली. सुपाला काही झालं नाही. बाबांनी विचारलं, "लागली?" मी म्हटलं, "काठाक लागली." आईने सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

डोळे उघडे ठेवायचे म्हणून मी काय काय केलं! रिकामी बंदूक घेऊन दिवसभर चाप ओढायचे. रिकामी असली की डोळे सताड उघडे राहायचे. काडतूस घातलं, नुसतं घातलं, तरी पापण्या थरथरायला लागायच्या. देवीला गाऱ्हाणं घातलं, नारळ बोलले. मला रडू यायचं ते दुखण्याचं नव्हतं. एवढीशी पापणी माझं ऐकत नव्हती आणि तिच्यावर आमचं घर टांगलेलं होतं.

अश्विनात लोंब्या भरल्या. दिवेलागणीच्या सुमाराला मी आणि बाबा माळ्यावर बसलो होतो, म्हणजे बांधावर चार खांबांवर उभारलेल्या मचाणावर. अजून उजेड होता. रानाच्या कडेने डुकरं उतरली, पुढे मोठा नर, मागे माद्या आणि पिल्लं. नर आमच्याच खाचरात शिरला, माझ्यापासून वीस पावलांवर. असा आडवा की कोणी डोळस माणूस चुकला नसता. मी नेम धरला. बाबांनी श्वास रोखलेला मला ऐकू येत होता. आणि मी डोळे मिटले.

बार उडाला. डोळे उघडले तेव्हा डुकरं रानात पसार झाली होती. जमिनीवर ना रक्त ना काही.

"डुकर पडलो?" बाबांनी विचारलं.

"पळालो."

"माका वाटला बार वर गेलो."

"नाय, बाबा. लागलो. लागान पळालो."

"खरा सांगतंस?"

"खराच."

हे मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता आणि त्या चेहऱ्याला 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही, एवढंच. पण बाबा तसेच उठले. "मगे चल. वाडीत सांगाक व्हया. लागलेलो डुकर मानसाच्या अंगार येता." शिकाऱ्याचा हा नेमच होता. जनावर जखमी करून घरात बसून राहायचं नाही, आधी घरोघर जाऊन सावध करायचं. माझा हात धरून ते दारोदार गेले. प्रत्येक दारात मला पुढे करून अभिमानाने सांगत होते, माझ्या चेडवान डुकराक बार मारल्यान, पण जिवंत आसा, जपान रवा. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "बापाशीचो हात इलो गो तुका." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुरुष कोयते-भाले घेऊन रानात फिरले. काही सापडलं नाही. सापडणार काय, कपाळ! पण एकाला पानावर लाल डाग दिसला, दुसऱ्याला करवंदीच्या जाळीत घुरघुर ऐकू आली. मिठबावहून मासे घेऊन येणारी बाई वाटेवरूनच परत फिरली. राखणीला कोणी माळ्यावर बसेना. जखमी डुक्कर अंधारात कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून तिन्हीसांजेलाच घरांची दारं लागू लागली. मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. रोज कोणीतरी येऊन माझं कौतुक करून जायचं.

चौथ्या सकाळी आई खाचरातून धावत आली. मी जाऊन पाहिलं. आमचंच नाही, वाडीतल्या सगळ्यांचं भात आडवं पडलं होतं, चिखलात तुडवलेलं. राखणीला कोणी नाही हे डुकरांना बरोबर कळलं होतं. बायका बांधावर बसून रडत होत्या आणि माझ्यावर कोणाचा राग नव्हता. त्या उलट म्हणत होत्या, जखमी केल्याचा सूड उगवला मेल्यांनी. मी तिथे उभी राहून ऐकून घेतलं.

दिवाळीच्या आधी आम्ही वैभववाडीला मामाकडे गेलो. बाबा दुकानाच्या पडवीत खांबाला टेकून बसत. कोणी बोललं तर लगेच उत्तर देत नसत, नुसती मान हलवत. मामा त्यांच्याशी ओरडून बोलू लागला. "भावजींना ऐकायलाही कमी येतंय," असं गिऱ्हाइकांना सांगू लागला. मी एकदा बाहेर आले तर बाबा पितळेचा तांब्या कानाशी धरून त्यावर टिचकी मारत होते. एकदा या कानाशी, एकदा त्या.

"ह्या काय करतात, बाबा?"

ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी बार वर गेल्यासारखो आयकाक इलो माका. तू म्हणालंस, लागलो. तेवा समाजलय, डोळे गेले तशे कानय गेले. कोणाक सांगा नको."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. डोळे मिटले ते, सूप, डुक्कर, वाडीचं भात, सगळं. मला वाटलं ते आता मला मारतील. मारावं अशी माझी इच्छा होती. ते पुढे वाकले आणि त्यांनी माझे खांदे धरले.

"म्हंजे माझे कान बरे आसत?"

"बरे आसत, बाबा."

डोळे गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आईला हाक मारली, "आयकलंस गो? माझे कान बरे आसत!" भाताबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.