आत्याच्या अंगाया आणि रिकामे चौकोन

सगळे तिला जुळारीण म्हणत. छापखान्यात अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तरी नाव तेच चिकटलं. बावन्न वर्षांची बाई, आणि खोड अशी की पान तपासायचं ते उलटं धरून! "अर्थ कळला की डोळा फसतो," म्हणायची. न येणाऱ्या भाषांची पुस्तकंसुद्धा तिने अशीच, नुसत्या आकारांवर, बिनचूक लावली होती.

आत्याची वहीही तशीच लावली. आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलेलं. वहीत आत्याच्या सासरच्या अंगाया होत्या, त्याही तिकडच्याच लिपीत. ती वाचणारं आता आत्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि आत्याची नजर दिवसेंदिवस मंदावत चाललेली. "डोळे आहेत तोवर छापलेलं एक पान दाखव गं," एवढंच तिचं मागणं.

पडद्यावर सगळं कसं देखणं दिसत होतं! छापून आले ते ओळीच्या ओळी रिकामे चौकोन.  तिने निवडलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नव्हतीच. मेला कॉम्प्युटर पडद्यापुरत्याच एका दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणून गुपचूप पडद्यावर दाखवत होता, आणि छापायच्या वेळी हात वर करून मोकळा! पण चूक तिचीच. इतक्या वर्षांची जुळारीण, आणि पडद्यावर विसंबली.

छापता येईल असा फॉन्ट मिळायला तीन आठवडे गेले. कुठल्याशा प्राध्यापकाने हौसेने, जुन्या कागदांवरचे नुसते आकार पाहून बनवला होता. अक्षरं उमटली, पण जोडाक्षरं फुटली, मात्रा भलतीकडेच लोंबकळल्या. मग सॉफ्टवेअर बदल, पुन्हा लाव, पुन्हा छाप. दुपारचं ऊन टेबलावर सरकत यायचं आणि तिला डुलकी लागायची. डुलकीत ते चौकोन एका लांबच लांब गल्लीतल्या खिडक्या व्हायचे. प्रत्येक खिडकीत कुणीतरी बाळाला झोपवतंय, ओठ हलताहेत, आवाज मात्र येत नाही. जाग आली की तिला उगाचच रडू यायचं.

शेवटी एका दुपारी पान नीट उमटलं. ते घेऊन ती तशीच घरी धावली.

आत्याने पान डोळ्यांशी नेलं, उजेडाकडे केलं. "काळं काहीतरी आहे खरं," ती म्हणाली. "उशीर झाला गं. तूच वाच."

"मला कुठे येतं, आत्या? मी नुसते आकार लावलेत."

बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. अख्खं पुस्तक लावलं, आणि एक शब्द वाचता येऊ नये!

 आत्याने पान परत दिलं. "बरं, आकार सांग."

"उभी दांडी. डावीकडे गाठ. डोक्यावर दोन टिंबं."

"लू."

"मग फुगलेलं पोट, खाली शेपूट."

"मो. आता दोन्ही मिळून म्हण."

"लूमो."

"म्हणजे नीज," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून उशीला टेकली. "हं, पुढचं सांग."

दिवेलागणीपर्यंत दोघींच्या सात ओळी झाल्या. आठवी जुळारणीने आत्याला न विचारता वाचली.