चपला सांभाळणारीचा कागद

आमचा खेळ मला आजवर कुणालाही धड समजावून सांगता आलेला नाही. वडिलांना एकदा सांगायला गेले तर ते म्हणाले, पत्ते नाहीत, पैसे लावायचे नाहीत, कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही, मग पाच बायका रविवारी दुपारभर करता तरी काय? मी म्हटलं, आम्ही गोष्ट सांगतो. त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पेपर उचलला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, एवढाच खेळ. भिंत चढता आली का, दरोडेखोराला थाप पचली का, हे वीस बाजूंच्या पाशावर ठरतं. प्रत्येकीकडे आपल्या माणसाचा एक कागद असतो. अंगात ताकद किती, अक्कल किती, पिशवीत दोरी आहे की नाही, सगळं त्यावर लिहायचं. मी आणि माझी मैत्रीण हे सगळं नांदेडला होस्टेलवर मोबाईलवर बघून शिकलो. पुढे मी हिंगोलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागले आणि तिने कचेरीसमोरचं घरचं झेरॉक्सचं दुकान सांभाळायला घेतलं. दुकानाच्या माडीवर कागदाच्या रिमांच्या खोक्यांमध्ये आमचा अड्डा जमला. गोष्ट सांगायची तिने, कारण तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही आणि तिला माणसं झुलवता यायची. हे मी आजही नाकारत नाही.

आमचा एक रिवाज होता, तो जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. गोष्टीत एखादीचं माणूस मेलं की त्याच्या कागदावर ओल्या हळदीचं बोट उमटवायचं आणि कागद खारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचा. हळद का, तर हिंगोलीत ती शोधावी लागत नाही. मोंढ्यावरून, हळदीच्या बाजारातून, नुसतं चालत आलं तरी ओढणीला लागून येते. पहिल्यांदा केलं ते गंमत म्हणून. मग त्याचा नियम झाला. हळद लागलेला कागद पुन्हा खेळायचा नाही, त्या माणसाला कुणीही परत उठवायचं नाही. डबा दुकानात असायचा, म्हणजे मैत्रिणीच्या ताब्यात.

आता आईचं सांगायला हवं. औंढ्याला देवळाच्या वाटेवर आमचं नारळ-फुलांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक यावं म्हणून आई लोकांच्या चपला फुकट सांभाळायची. वीस-पंचवीस वर्षं तिने फुलांपेक्षा चपलाच जास्त पाहिल्या. जोड बघून ती माणूस ओळखायची. डावी टाच झिजलेली दिसली की म्हणायची, हा दिवसभर उभा राहणारा आहे, ह्याला आधी बसायला पाट द्या. ती गेल्यावर आठ महिने मी रविवारी माडीवर नुसती बसून असायचे. माझं जुनं पात्र, एक चोर, गोष्टीत विहिरीत पडून मेलं होतं आणि नवं काही सुचत नव्हतं.

मग एका रविवारी गोष्टीतली मंडळी एका गुहेच्या तोंडाशी आली आणि मी म्हटलं, इथे एक बाई बसली आहे. आत जायचं तर चपला तिच्याकडे ठेवाव्या लागतात. मला स्वतःलाच कळायच्या आत मी आईसारखी बोलायला लागले होते. मी तशी शिकलेली, लॅबमध्ये प्रमाण मराठी बोलणारी, आणि इथे माझ्या तोंडून निघालं, "काहून घाई करून राहिले? देव कुठं पळून चालला न्हाई." कुणी हसलं नाही. पुढचे सात-आठ महिने चपला सांभाळणारी आमच्याबरोबर हिंडली. आवाज रविवारागणिक बदलू नये म्हणून तिच्या कागदाच्या पाठीमागे मी पाच वाक्यं लिहून ठेवली होती. सगळी आईची, जशीच्या तशी.

पाचवं वाक्य दवाखान्यातलं होतं. शेवटच्या आठवड्यात आईच्या चपला पिशवीत घालून मी कॉटखाली ठेवल्या होत्या. ती एकसारखी म्हणायची, "माह्या चपला दे. घरी जाऊ." मी म्हणायचे, उद्या, डॉक्टर उद्या सोडणार आहेत. चपला काही मी दिल्या नाहीत. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या चपला मागितल्याबरोबर काढून दिल्या, तिला तिच्या स्वतःच्या मिळाल्या नाहीत. ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती, माझ्या मैत्रिणीला, दुकानाच्या जिन्यात बसून. तिने माझा हात धरून ठेवला होता.

आमच्या गोष्टीत चपला सांभाळणारी गुहेतच मेली. बाकीच्यांना बाहेर काढण्यासाठी ती अनवाणी मागे राहिली आणि जाताना मी ते पाचवं वाक्य बोलले. तेव्हा मैत्रिणीने पासे खाली ठेवले आणि तोंडावर ओढणी घेतली. हळदीचं बोट मी स्वतः लावलं. घरी जाताना मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं आणि वाटेत मी चक्क पाणीपुरी खाल्ली.

पुण्याला अशा खेळांचं संमेलन भरतं हे मैत्रिणीनेच शोधून काढलं. बाकीच्या तिघींना घरून जमलं नाही, आम्ही दोघी गेलो. खरं सांगते, दारातच मी वेडी झाले. आख्खा हॉल भरून टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळं जग. बोटभर उंचीचे, भिंगातून रंगवलेले राक्षस, पाशांच्या मखमली थैल्या, पाठीला पुठ्ठ्याचे पंख लावून निवांत चहा पिणारी माणसं. जे आपलंच खूळ आहे असं समजून आपण वर्षानुवर्षं लोकांपासून लपवलं, ते इतक्या लोकांना आहे, हे बघून मला रडूच यायचं बाकी होतं. हाताला प्रवेशाचा कागदी पट्टा बांधणाऱ्या मुलीने विचारलं, कुठून आलात? मी हिंगोली म्हटलं, तर तिने अरे वा म्हटलं. हिंगोली कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही.

मैत्रिणीने तिथे एक टेबल घेतलं होतं. दुपारी ती स्वतःची गोष्ट सांगणार होती, सहा अनोळखी माणसांना. कुठली, असं विचारलं तर म्हणाली, नवीनच आहे, छोटी. तू माझ्याकडे नको बसू, घरचं माणूस समोर असलं की मला सुचत नाही, तू दुसरीकडे मजा कर. त्यात मला वावगं दिसलं नाही. मी समुद्री चाच्यांच्या टेबलावर नाव घातलं. आमचं जहाज पहिल्याच लढाईत बुडालं आणि तासाभरात मी मोकळी झाले. म्हटलं, चला, आपल्या बाईसाहेबांचा थाट लांबून बघू.

लांबूनच मला आवाज ऐकू आला. पंचविशीतला एक मुलगा, अंगात काळा टी-शर्ट, हाताने डोक्यावर नसलेला पदर ओढत, किनऱ्या आवाजात म्हणत होता, "काहून घाई करून राहिले?" टेबल हसत होतं. मला आधी वाटलं, योगायोग असेल. आमच्याकडे सगळेच असं बोलतात. मग मी जवळ गेले आणि त्याच्या पुढ्यातला कागद पाहिला. माझं अक्षर होतं. कोपऱ्यात एक बोटभर करडा डाग होता. हळद झेरॉक्समध्ये पिवळी येत नाही.

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण मी तिथेच उभी राहून बघत राहिले. तो मुलगा वाईट नव्हता, हेही सांगते. त्याला एक गमतीदार म्हातारी मिळाली होती आणि तो ती मन लावून करत होता. वाक्यं संपत आली तशी त्याने कागद पुन्हा उलटून पाहिला. पुढ्यात गुहेतला अजगर तोंड वासून उभा होता, आणि तो कमरेवर हात ठेवून त्या अजगराला म्हणाला, "माह्या चपला दे. घरी जाऊ." सगळ्या टेबलात सगळ्यात मोठं हसू त्या वाक्याला आलं. माझी मैत्रीणही हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग तिने मान वर केली आणि मी दिसले. क्षणभर तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही थांबेल, काहीतरी कारण सांगून खेळ गुंडाळेल. पण सहाही जण तिच्याकडे बघत होते आणि तिला ते हसू हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, "ही माझी मैत्रीण, आमच्या गावचीच. अस्सल ऐकायचं तर हिच्या तोंडून ऐका. म्हण गं, ते चपलांचं."

सगळे माझ्याकडे वळले. मुलाने कागद माझ्यापुढे सरकवला, अगदी आदराने.

आणि मी म्हटलं. का म्हटलं, ते मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. बोलायचं नाही असं ठरवून जीभ दाताखाली धरायची, एवढंच तर करायचं होतं. पण सहा माणसं हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती, हॉल तो असा, ज्यात मला सकाळपासून घरच्यासारखं वाटत होतं, आणि मला रुसकी, गावंढळ बाई ठरायचं नव्हतं. मी म्हटलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, कमाल.

नंतर कॅन्टीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मैत्रिणीने दोन इडल्या मागवल्या आणि मी काही बोलायच्या आत तीच सुरू झाली. मूळ कागद डब्यातच आहे, तिने हात लावलेला नाही, नुसती झेरॉक्स काढली, म्हणजे नियम मोडला असं म्हणता येणार नाही. लोकांना ती किती आवडली हे मी पाहिलंच. आपल्याकडचं काही पुण्यात आवडलं याचा मला आनंद व्हायला हवा. मी ऐकत होते. झेरॉक्सच्या दुकानात वाढलेल्या माणसालाच ही पळवाट सुचू शकते, असं माझ्या मनात आलं आणि तेवढ्यातही मला हसू आलं, याचाही राग आला.

तिचं बोलून झाल्यावर मी एकच विचारलं, आणि रागाने माझ्या तोंडून घरची बोली सुटली. "पाचवं वाक्य काहून ठेवलं? ते तुला म्हाईत व्हतं. ते तरी खोडायचं."

तिने चमचा खाली ठेवला. खोटं बोलली असती तर मी कदाचित माफ केलं असतं. ती म्हणाली, "तेच सगळ्यात भारी होतं गं."

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो, कारण तिकिटं तशी होती. तिने दोनदा बिस्किटं पुढे केली, दोनदा मी मान हलवली. हिंगोलीत उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेले आणि डबा मागितला. कचेरीचे लोक रांगेत उभे होते, ती कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होती. तिने डबा काउंटरवर ठेवला. त्यावर माझ्या कागदाच्या उरलेल्या झेरॉक्स रबरात गुंडाळून ठेवल्या, त्याही मोजून मला देते म्हणाली. मी डब्यातून माझा कागद तेवढा उचलला आणि म्हटलं, बाकी राहू दे. त्यानंतर माडीवर मी गेलेले नाही. बाकीच्या तिघींनी फोन केले, त्यांना मी ड्युटी बदलल्याचं सांगितलं.

कागद आता माझ्या कपाटात आहे, आईच्या चपलांच्या पिशवीत. मूळ कागदावर हळद अजून पिवळीच आहे. मैत्रिणीवर मी संतापते, आणि संतापत राहीन, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. तिने विश्वासाने दिलेली वस्तू बाजारात मांडली. पण कधी कधी मी पिशवी उघडते आणि पाठीमागची वाक्यं मनातल्या मनात वाचते. पहिली चार आईच्या आवाजात ऐकू येतात. औंढ्याची वाट दिसते, पाण्यात टाकलेल्या फुलांचा वास येतो, ती कुणाला तरी पाट सरकवताना दिसते.

पाचवं मात्र माझ्याच आवाजात ऐकू येतं. टेबलाशी म्हटलं होतं तसंच. त्या दिवशी "माह्या चपला दे" म्हटल्यावर मी थोडी थांबले होते. आई तिथे कधी थांबायची नाही. लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून मी थांबले होते.