गिताबाईचे तीन सवाल आणि पहिला चीक

निमोण्याच्या गिताबाईशी गोड बोललेला माणूस गावात सापडणार नाही, कारण तिनं कुणाला तेवढी सवडच दिली नाही. घरची मेंढरं विकून शेती धरली, चारच मेंढ्या दारात उरल्या. पण वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कळप राखणाऱ्या बाईचा आवाज तसाच राहिला. त्यातून खाण्यापिण्याचा सल्ला घेऊन कुणी आलं, की संपलंच.

दोन हजार साली शिरूरचा पोपटराव टाय लावून ताकदीच्या पावडरीचा डबा घेऊन आला. म्हणाला, "मावशी, जाडा माणूस बारीक होतो, बारीक माणूस भरतो."

"एकाच डब्यानं? डबा माणूस वळखतो व्हय?"

"सायन्स आहे, मावशी."

"हे सांगितलं कुनी? त्यानं सोता खाऊन बघितलं का? आन् मी घेतला तर तुला काय मिळतं?"

पहिल्या दोन सवालांना पोपटराव हसला. तिसऱ्याला टाय सैल करून चपला शोधू लागला.

पुढच्या वर्षी सून रुपाली बाळंत झाली. राहू गावात तिच्या माहेरी आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण निमोण्यातच झालं. नर्सबाई सांगून गेल्या, "पहिलं घट्ट दूध लगेच पाजा." त्यांची पाठ वळताच गिताबाईनं गुळाच्या पाण्याची वाटी पुढं केली.

"ते पिवळं दूध पिळून टाक. नासकं असतंय. तीन दिस हे चाटव."

पोर रडून लाल झालं होतं. रुपालीनं वाटी बाजूला सारली.

"आत्या, नासकं हाय हे सांगितलं कुनी?"

"माझ्या सासूनं! तोंड वर करून इचारती काय मला?"

"आन् करून बघितलं कुनी?"

"मी बघितलं की! माझ्या लेकरांना..." गिताबाई थांबली. रुपालीचा नवरा रविराज हा गिताबाईचा तिसरा मुलगा. आधीची दोन लेकरं आठवडाभरही टिकली नव्हती.

रुपालीनं थांबायला हवं होतं, पण पोर रडत होतं. "नर्सबाईला ह्यात काय मिळतं? मी पाजलं काय, न पाजलं काय, पगार तेवढाच. आन् सकाळी मेंढी व्याली, तवा कोकरू सडाला लावायला उशीर केला म्हनून ह्यांना केवढ्या शिव्या घातल्या तुमी?"

"चीक न्हाई मिळाला तर कोकरू जगत न्हाई, म्हनून!"

"मंग हे काय दगडाचं हाय?"

गिताबाई ताडकन उठली. "जीभ हासडीन, रुपे!" अशी गर्जना करत ओसरीवर गेली. तिथं सासूला, नर्सबाईला, राहू गावाला आणि मधे आलेल्या कोंबडीला मनसोक्त शिव्या दिल्या. 

मग आत आली ती उशी घेऊन. सुनेच्या पाठीशी तिनं ती दणकन आदळली.

"टेकून बस. मान धर त्याची, मान! एवढं शिकलीस आन् लेकरू धरता येईना. सासूला माझ्या मी येडी म्हननार न्हाई, सांगून ठेवते."

पोर चुपचुप ओढू लागलं. गिताबाईनं भिंतीकडं तोंड केलं आणि पदर डोळ्याला लावला.

"धूर कुठनं येतोय गं एवढा?" ती खेकसली. चूल पेटलेलीच नव्हती. रुपाली पोराला दुसऱ्या बाजूनं पाजू लागली.