व्याह्यांच्या सात पेट्या

माणसांच्या बाबतीत इतका चिकट आणि माश्यांच्या बाबतीत इतका सढळ माणूस भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत दुसरा नसेल, हे मी आमच्या व्याह्यांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. माझी मुलगी पाहायला ते पासलीहून भोरला आमच्या घरी आले, तेव्हा मुलीचं शिक्षण, उंची, स्वयंपाक यांतलं काहीही न विचारता त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "परसात शेवगा हाय का?" शेवगा होता. ते मागच्या दारानं गेले, अर्धा तास त्या फुललेल्या झाडाखाली मान वर करून उभे राहिले आणि परत येऊन बायकोला म्हणाले, "पोरगी चांगली हाय." लग्नात आमच्या एका हौशी पाहुण्यानं अत्तराचा फाया पुढे केला, तर हा वरपिता साप दिसल्यासारखा मागे सरला. "नको. मला सांच्याला घरी जायाचंय. त्यांना वास चालत न्हाई." 'त्यांना' म्हणजे मधमाश्यांना. माश्यांचा उल्लेख ते कायम असा आदरानं करत. सख्ख्या मुलाला मात्र, तो पुण्यात नोकरीला लागून बाप झाला तरी, "ए, हितं ये."

घरामागच्या फणसाखाली त्यांच्या सात मधपेट्या होत्या. प्रत्येक पेटीच्या स्टँडचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. या वाट्या घरातल्या स्वयंपाकाच्या. अठ्ठावीस वाट्या फणसाखाली असल्यामुळे पाहुण्यांना आमटी ताटातच घ्यावी लागे. शेजारच्या भातावर औषधाची फवारणी आहे असं कळलं, की हे छत्री घेऊन बांधावर हजर. "आदी माझ्यावर मारा पंप." दोन-तीन वर्षं भांडण झालं, मग लोकांनी कंटाळून फवारणी दिवस मावळता करायची सवय लावून घेतली. माश्या तेव्हा घरी परतलेल्या असतात.

भाद्रपद लागला की त्या घरातली साखर माणसांना बंद होई. आमच्या डोंगरात पाऊस चार महिने माशीला पेटीबाहेर पडू देत नाही. साठवलेला मध संपतो, आणि कारवी-तेरडा फुलला तरी पाऊस हटला नाही तर ते फूल तिच्या काय कामाचं? अशा वेळी साखरेचा पाक पेटीत ठेवावा लागतो, नाहीतर पोळं उपाशी मरतं किंवा उठून निघून जातं. त्यामुळे आश्विनापर्यंत चहा गुळाचा, तोही नावापुरता. गणपतीला नैवेद्याचे मोदक वळताना विहीणबाई सारणात साखर घालू लागल्या, तर हे दारातून ओरडले, "देवाला गूळ चालतो!" विहीणबाईंना या सगळ्याचा राग नव्हता. मला एकदा म्हणाल्या, "दादा, पुडल्या जल्मी मी माशीच होणार. तवा तरी ह्ये माज्याकडं नीट बगतील." आणि पदर तोंडाला लावून खूप हसल्या.

त्या वर्षी आश्विन लागला तरी पाऊस उघडेना. अशात विहीणबाईंना पोटात कळा येऊन चक्कर आली आणि त्यांना पुण्याच्या दवाखान्यात हलवलं. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं. घराबाहेर एकही मुक्काम न करणारे आमचे व्याही दवाखान्याच्या पायऱ्यांवर वस्तीला राहिले. माझी बायको मुलीच्या मदतीला पुण्यात गेली. मी शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेला, रिकामा. मला त्यांचा फोन आला. एरवी फोनवर दोन शब्दांपलीकडे न जाणारा हा माणूस बराच वेळ बोलला.

"इवाई, माजी सात घरं तुमच्या वटीत घालतो. पाक दिवस मावळल्यावर द्यायचा. दिवसा दिला तर वासानं एका पेटीतल्या दुसरीत शिरत्यात, लुटालूट होती, एकमेकींचा जीव घेत्यात. आन् थेंब भायेर सांडायचा न्हाई. येवडंच."

मी पासलीला जाऊन राहिलो. करवंटीत पाक, त्यावर गवताच्या काड्या, म्हणजे माश्या काडीवर बसून पितील, बुडणार नाहीत. दिवेलागणीला एकेक झाकण उचलायचं, करवंटी आत ठेवायची, झाकण लावायचं. पहिल्या दिवशी तीन डंख बसले. चौथ्या दिवशी एकही नाही, आणि मला उगीचच अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन. "बाबा, आईंचं काही खरं नाही. असाल तसे या."

दुपारची एसटी अर्ध्या तासानं होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवसाशिवाय पुणं नाही. सकाळीच केलेला पाक पातेल्यात तयार होता. आज दिला नाही तर किती दिवस कुणी देणार नाही, हे मला दिसत होतं. नेमकं पंधरा दिवसांनी त्या दुपारी ऊन पडलं होतं. मी पाक दिला. शेवटच्या पेटीपाशी घाईत पातेलं कलंडून स्टँडवर, जमिनीवर, माझ्या धोतरावर पाक सांडला. मी तांब्याभर पाणी ओतलं, फडक्यानं पुसल्यासारखं केलं आणि पळालो. गाडीत बसलो तेव्हा धोतराला चिकटलेली एक माशी होती. ती मी खिडकीतून सोडून दिली.

विहीणबाई पहाटे गेल्या.

दुपारी आम्ही त्यांना घेऊन पासलीला आलो. ओसरीवर त्यांना ठेवलं. अंगणात माणसं बांबू बांधत होती आणि त्यांच्या पायांखाली माश्या होत्या. मेलेल्या, अर्धमेल्या, गोल फिरणाऱ्या, एकमेकींना पकडून पडलेल्या. फणसाखाली तर मुठीनं उचलाव्यात इतक्या. बायका रडता रडता पाय झटकत होत्या.

व्याही ओसरीवरून उठले. त्यांना कुणी अडवलं नाही. ते एकेका पेटीचं झाकण उचलून पाहत गेले. तीन पेट्यांत तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता. दोन रिकाम्या, उरल्यासुरल्या माश्या उठून गेलेल्या. दोन तेवढ्या भरलेल्या होत्या, आणि त्या गुणगुणत होत्या. बाकीच्यांना लुटणाऱ्या त्याच.

ते माझ्यासमोर आले.

"दिवसा दिला?"

"हो."

"सांडला?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग कोपऱ्यातला खराटा घेतला आणि ओसरीपासून वाटेपर्यंतच्या माश्या झाडून एका कडेला केल्या. कुणाचा पाय पडू नये म्हणून, की तिरडी नेताना वाट स्वच्छ असावी म्हणून, मला माहीत नाही. खराटा जागेवर ठेवला आणि मडकं उचललं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी त्यांच्यापाशी बसलो. दोन दिवस पाठ केलेलं बोलू लागलो. माझी चूक झाली, मी थांबायला हवं होतं, गाडी चुकली असती तरी चाललं असतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तुमी तिच्यासाटी पळालात, इवाई. म्या पळालो न्हाई." ते हाताच्या नखांकडे पाहत होते. "पितरपंधरवड्यापासनं म्हनत हुती, पोटात दुकतंय. म्या म्हनत हुतो, पाऊस उगडू दे. पेट्यांचं येवडं निबू दे, मग जाऊ वेल्ह्याला डाक्टरकडं. रोज म्हनायची. मग म्हनायची बंद झाली. मला वाटलं, ऱ्हायलं."

पावसाची एक सर येऊन गेली.

आता ते माश्यांचा नाद सोडतील असं सगळ्यांना वाटलं. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. ते गेले नाहीत. रिकाम्या पेट्या त्यांनी गरम पाण्यानं धुऊन माळ्यावर टाकल्या आणि दोन ठेवल्या. पुढच्या वर्षी आश्विनात त्यांचा फोन आला. "इवाई, पाक जमंना. दोनदा जळला. जळका पिऊन त्यांची पोटं बिगडली. तुमी केलावता तो कसा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसानं आयुष्यभर पाक फक्त पेटीत ठेवला, केला कधीच नाही. मी गेलो. चूल पेटवली. पाणी उकळल्यावर पातेलं खाली घेतलं, मग साखर घातली. ते बघत होते.

"खाली का घेतलं?"

"त्यांनीच सांगितलं होतं."

"कुनी?"

मग मला सांगावं लागलं. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी, हे औषधं आणायला खाली गेले असताना, विहीणबाईंनी नर्सकडून फोन लावून घेतला होता. आवाज अगदी बारीक होता. दादा, चुलीवर साखर टाकू नका, करपती. पानी खाली घ्या, मग टाका, आन् बोट बुडवून बगा, बोटाला सोसंल येवडं निवलं की द्या. फोन ठेवताना म्हणाल्या होत्या, ह्यांनी काय खाल्लंय का, कुनी इचारत न्हाई, तुमी इचारा.

व्याही चुलीसमोर उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "आनकी काय म्हनली?"

एवढंच म्हणाल्या होत्या. पण मी म्हणालो, "फणसाखालच्या वाट्यांत पाणी आहे का बघा, म्हणाल्या."

तेव्हापासून दर आश्विनात मी पासलीला जातो. पाक निवत ठेवला की ते विचारतात, "फोनवर काय म्हनली हुती, परत सांगा." मी सांगतो. दर वर्षी एखादं वाक्य वाढतं. गेल्या खेपेला तर विहीणबाई पाचेक मिनिटं बोलल्या. तशा अवस्थेत बाई फोनवर किती वेळ बोलू शकली असेल, हे व्याह्यांना कळत नाही असं नाही. ते मान खाली घालून ऐकतात, मध्ये अडवत नाहीत, आणि माझं बोलणं संपलं की पाकात बोट बुडवून म्हणतात, "अजून गरम हाय. सांगा की."